पैशाने निवडणूक जिंकता येत नाही म्हणे!

माळरान:
"लोक दोन्हीकडून पाकीट घेतात आणि मत द्यायचं त्यालाच देतात, म्हणून पैशाचा बाऊ करू नका" असं काल इथे एकाने लिहिलं. अहो, मत कुणाला पडतं ते नंतर, आधी उभं कोण राहू शकतं ते सांगा! विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. 2009 च्या लोकसभेला मर्यादा 25 लाख होती, आपण 8 कोटी घातले असं गोपीनाथ मुंडे 2013 मध्ये जाहीर बोलले. निवडणूक आयोगाची नोटीस आली, खासदारकी काही गेली नाही.

सडेतोड:
कालचं मीच लिहिलंय. निवडणूक रोख्यांतून, म्हणजे नाव न सांगता पक्षांना देणगी द्यायच्या योजनेतून, सगळ्यात जास्त पैसा भाजपला मिळाला, तरी 2024 च्या लोकसभेला 240 जागांवर अडकलेच ना? मतदार मूर्ख नाही.

माळरान:
240 म्हणजे पण सगळ्यात जास्तच! आणि रोखे कुणी घेतले हे कळायला सुप्रीम कोर्टाला फेब्रुवारी 2024 मध्ये ती योजनाच रद्द करावी लागली. 2017 ला कंपन्यांच्या देणग्यांवरची नफ्याच्या 7.5 टक्क्यांची मर्यादा पण काढून टाकली होती, ते का?

गावकरी:
दिल्लीचं सोडा. गावात सगळ्यांनी बसून सरपंचपदाची बोली लावली, पैसा मंदिराला दिला, भांडणं टळली तर बिघडलं काय? नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्याला बोली 2 कोटींच्या पुढे गेली, कुणाच्या खिशात गेले का?

शेवंता:
बिघडलं काय?? दोन कोटी नसलेल्या माणसाने सरपंच व्हायचंच नाही का? म्हणूनच 2021 ला राज्य निवडणूक आयोगाने उमराणे आणि नंदुरबारचं खोंडामळी दोन्हीकडची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. आणि बोली लावणारा ते पैसे कुठून काढणार, गावाच्या रस्त्यातूनच ना!

गावकरी:
ताई, शहरात बसून बोलणं सोपं असतं.

शेवंता:
शहरात नाही, गावातच राहते मी. माझ्या दिराने पंचायत समितीसाठी दीड एकर विकलं, पडला, जाऊबाई आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जातात. भांडणं टळली म्हणे!

गावकरी:
बरं, लिलाव चूक, मानलं. पण दिराला जमीन विक म्हणून कुणी सांगितलं होतं का?

शेवंता:
हो, सांगितलंच. तिकिटाच्या मुलाखतीत काम काय केलं हे कुणी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, किती लावणार?

सडेतोड:
तिकिटापुरतं पटतंय. मतदाराबद्दल मी माझं मत बदलणार नाही.