शब्दचर्चा: 'बेलआउट'चा पैसा परत आला, तर त्याला काय म्हणायचं?

दोनओळी (मूळ प्रश्न)

२००८च्या अमेरिकेतल्या बँकबुडीवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडून बसलेय. मजकूर साधा आहे: डिसेंबर २००९मध्ये बँका बेलआउटचे, म्हणजे बुडताना सरकारने दिलेले, पैसे भराभर परत करू लागल्या आणि ते रोजगाराला लावायचे की तूट कमी करायला, यावरून वॉशिंग्टनमध्ये जुंपली. बेलआउटला मी 'आर्थिक मदत' लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "मदत कुणी परत करतं का गं?" बिनतोड प्रश्न. अनुदान, अर्थसाह्य, पॅकेज, सगळ्यांची तीच गत. दुसरा शब्द सुचवा. 'तूट कमी करणे' तरी बरोबर आहे ना?

सोलापुरी

तगाई! दुष्काळात सरकार बी-बियाण्याला, बैलजोडीला, विहिरीला पैसे द्यायचं, ती तगाई. मूळ शब्द तकावी, आपल्या 'कुवत'च्या कुळातला. बळ यावं म्हणून द्यायचं आणि सुगी झाली की वसूल करायचं. तुमच्या सासूबाईंना लगेच पटेल.

काटकोन

तगाईला मातीचा वास आहे. वॉल स्ट्रीटवाल्यांना तो शब्द लावला की वाचक हसेल, आणि लेख विनोदी नसावा असं धरून चालतो. आपल्याकडचा 'थकहमी' हा शब्दही कुणी सुचवायच्या आधीच बाद करतो. साखर कारखान्याने कर्ज थकवलं तर आम्ही भरू, असं सरकार आधी लिहून देतं ती थकहमी. बेलआउट म्हणजे गाडी घसरल्यावर लावलेला हात. क्रियापदच वापरा, 'बँका सावरल्या'. 'तारल्या'ही चालेल, पण पुढेमागे 'तारण' आलं की घोळ होईल.

न्यूजर्सीकर

मी तेव्हा इथेच होतो. २९ सप्टेंबर २००८ला प्रतिनिधिगृहाने बेलआउटचं विधेयक पाडलं आणि डाऊ हा शेअर निर्देशांक ७७७ अंकांनी आपटला. ३ ऑक्टोबरला सुधारित कायद्यावर बुश यांची सही झाली. मर्यादा ७०० अब्ज डॉलर. योजनेचं नाव 'ट्रबल्ड अ‍ॅसेट रिलीफ प्रोग्राम', म्हणजे अडचणीतल्या मालमत्तेपासून सुटका. त्या नावाप्रमाणे बँकांकडची नासलेली गृहकर्जं आणि त्यांवरचे रोखे विकत घ्यायचे होते, पण अर्थमंत्री पॉल्सन यांनी दोन आठवड्यांच्या आत बेत बदलला आणि सरळ बँकांचे प्रेफरन्स शेअर घ्यायचं ठरवलं. पहिली पाच वर्षं ५ टक्के लाभांश, पुढे ९.

म्हणजे बँकांच्या बाबतीत हे कर्ज नव्हतंच. सहकारी कारखान्यात सरकार घालतं तसं भागभांडवल होतं. त्यामुळे 'परतफेड'सुद्धा काटेकोर नाही. बँकांनी आपले शेअर सोडवून घेतले, गहाण पाटल्या सोडवाव्यात तसे. जून २००९मध्ये दहा मोठ्या बँकांनी मिळून ६८ अब्ज, डिसेंबरात बँक ऑफ अमेरिकेने एकटीने ४५ अब्ज. एवढी घाई का? सरकारचा पैसा पेटीत असेपर्यंत साहेबांच्या बोनसवर सरकारची नजर होती ना!

जमाखर्च

बेलआउट राहू द्या बाजूला, खरी चूक 'तूट' या शब्दात आहे. वर्तमानपत्रं तूट आणि कर्ज एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. तूट एका वर्षाची असते आणि कर्ज हे आजवरच्या तुटींचं साठलेलं गाठोडं. अमेरिकेच्या त्या कायद्याच्या १०६व्या कलमात तूट हा शब्दच नाही. आलेला पैसा तिजोरीत भरावा तो सार्वजनिक कर्ज कमी करण्यासाठी, असं तिथे लिहिलंय.

यात आणखी एक मेख आहे. आपल्या अर्थसंकल्पात कर्जवसुली भांडवली जमेत धरतात आणि राजकोषीय तूट तेवढी कमी दिसते. तिकडे या योजनेचा हिशेब वेगळा ठेवला होता. दिलेला सगळा पैसा खर्च म्हणून दाखवायचा नाही, त्यातला जेवढा बुडेल असा अंदाज तेवढाच खर्च. मग मुद्दल परत आलं म्हणून तूट घटत नाही, कारण ते तुटीत धरलेलंच नव्हतं. तूट घटते ती बुडिताचा अंदाज खाली आला तर. तो आलाही होता. ८ डिसेंबर २००९ला ब्रूकिंग्ज संस्थेतल्या भाषणात ओबामांनी सांगितलं की योजनेचा खर्च आधी धरल्यापेक्षा किमान २०० अब्जांनी कमी पडेल. तो आकडा म्हणजे टळलेला तोटा. पेटीत ठेवलेल्या नोटा नव्हेत.

सोलापुरी

आता कळलं भांडण काय होतं ते. आमच्याकडे याला 'नवं-जुनं' म्हणतात. ३१ मार्चला विकास सोसायटीच्या दारात रांग लागायची. वडील कुठून तरी आठ दिवसांच्या बोलीवर पैसे आणायचे आणि गटसचिवापुढे ठेवायचे. तो थुंकी लावून नोटा मोजायचा, 'बेबाक' म्हणून पावती फाडायचा आणि त्याच बैठकीत नव्या पीककर्जाच्या कागदावर अंगठा-सही घ्यायचा. एप्रिलात नवं कर्ज हातात, त्यातून आठ दिवसांचं देणं चुकतं. पुस्तकात कर्ज फिटलं, घरात होतं तेवढंच. ओबामांचा बेत असाच ना? बँकांकडून आलं ते 'फिटलं' म्हणायचं आणि पुन्हा उचलायचं.

न्यूजर्सीकर

शब्द झकास आहे, पण तो रिपब्लिकन, म्हणजे ओबामांच्या विरोधकांच्या, बाजूचा झाला. दुसरी बाजूही त्याच कायद्यात होती. ७०० अब्जांची मर्यादा 'कोणत्याही एका वेळी येणे असलेल्या' रकमेला होती. अर्थखात्याचं म्हणणं, ४५ आले म्हणजे येणे ४५ने घटलं, तेवढी जागा मोकळी. बचत गटाचा फिरता निधी असतो तसा. बेकारी १० टक्क्यांवर होती हेही विसरू नका. मोकळ्या जागेकडे बघून कुणाचाही हात शिवशिवला असता.

जमाखर्च

फिरता निधी फिरून परत येतो. १६ डिसेंबरला प्रतिनिधिगृहाने २१७ विरुद्ध २१२ मतांनी जे विधेयक काढलं, त्यात या योजनेतले ७५ अब्ज रस्ते-पुलांच्या कामांना आणि शिक्षक, पोलीस यांच्या नोकऱ्या टिकवायला जायचे होते. शिक्षकाचा पगार परत येत नाही. तो निखळ खर्च, तो करायचा तर सरकारने नव्याने उसनवारी करायची. वाईट खर्च असं मी म्हणत नाही. मंदीत मीही तोच केला असता, पण खर्च म्हणून, नव्या मंजुरीने. लहान उद्योगांना कर्ज द्यायला ३० अब्ज काढायचा फेब्रुवारी २०१०चा प्रस्ताव मात्र फिरत्या निधीत बसतो.

काटकोन

आणि नेमक्या त्याच प्रस्तावावर रिपब्लिकन सेनेटर जड ग्रेग भडकले होते! अर्थसंकल्प समितीत त्यांनी ते कर्ज कमी करण्याचं कलम वाचून दाखवलं आणि हा काही तुमचा गल्ला नव्हे, असं सुनावलं. (पोरांचा मातीचा गल्ला. दुकानातला नव्हे.)

न्यूजर्सीकर

शेवटही सांगून टाकतो. ते ७५ अब्जांचं विधेयक सेनेटने तसं उचललंच नाही. जुलै २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्याने मर्यादा ४७५ अब्जांवर आणली आणि 'एका वेळी' हे शब्दच खोडले. मोकळी जागा संपली. लहान उद्योगांचे ३० अब्ज सप्टेंबरात मंजूर झाले, पण वेगळ्या कायद्याने आणि वेगळ्या निधीतून.

दोनओळी

सगळ्यांचे आभार. तगाई मनात रुतलीय, पण काटकोन यांचं ऐकते. वाक्य असं केलंय: 'सावरलेल्या बँकांनी आपले शेअर सोडवून घेतले, तेव्हा आलेला पैसा रोजगाराकडे वळवायचा, की कायद्यात लिहिल्याप्रमाणे सरकारी कर्ज फेडायला लावायचा, यावरून वॉशिंग्टनमध्ये जुंपली.'

काटकोन

'वळवायचा' छान. मंत्रालयात निधी वळवतात तोच शब्द, त्याला आवश्यक तेवढा संशय चिकटलेला आहेच. मात्र 'कायद्यात लिहिल्याप्रमाणे' काढा. त्या दोन शब्दांनी तुम्ही ग्रेग यांच्या बाकावर जाऊन बसलात.

दोनओळी

लिहिलेलं तर आहे ना तिथे?

काटकोन

'एका वेळी'ही तिथेच लिहिलं होतं, बाई.