फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलीच्या हातात आधी फिल्मचा कॅमेरा द्यावा का?

कृष्णाकाठ

भाची सतरा वर्षांची आहे. बारावीची परीक्षा झाल्यावर फोटोग्राफी शिकायची म्हणाली, तेव्हा मी कपाटातला पेंटॅक्स के-१००० काढून तिच्या हातात ठेवला. दाजींचं, म्हणजे तिच्या वडिलांचं म्हणणं होतं की एखादा सेकंडहँड डिजिटल घेऊन देऊ. मी हट्टाने नको म्हटलं. पुढे जे झालं त्यावरून घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय. माझं मत आधीच सांगतो. मी दिला ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं.

ज्यांनी हा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. हा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत होता. ऑटोफोकस नाही, ऑटो एक्सपोजर (उजेड आपोआप जुळवणं) नाही, सेल्फ टायमरसुद्धा नाही. शर्टाच्या बटणाएवढा एक सेल लागतो, तोही फक्त लाइट मीटरच्या, म्हणजे उजेड मोजणाऱ्या सुईसाठी. सेल संपला तरी शटर चालतं, कारण ते सगळं स्प्रिंगा आणि दात्यांवर आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये उजव्या कडेला सुई वरखाली होते. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती मोठं ते) फिरवून ती मधोमध आणायची. चित्राच्या मध्यभागी बारीक लोलकांचा एक गोल आहे. फोकस नसेल तर त्या गोलातलं सगळं उकळत्या पाण्यासारखं खदखदतं. लेन्सची रिंग फिरवत आणली की एका जागी ते एकदम निवळतं. फोन आपणहून चेहरा शोधतो. इथे कुणाचा चेहरा, की चेहऱ्यापुढचा हात, हे ठरवल्याशिवाय रिंग कुठे थांबवायची तेच कळत नाही.

आता झालेला प्रकार. आमच्या आईची पंचाहत्तरी वाईला घरच्या घरी केली. पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण, मामा-मावश्या, पुरणपोळीचा घाट, सगळं. भाचीने मोठ्या हौसेने ३६ फोटोंचा अख्खा रोल काढला. काउंटर ३६ च्या पुढे गेला तरी फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर अडेना, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी रिवाइंडची मूठ हळूच फिरवून पाहिली. ताण लागलाच नाही. फिल्मचं टोक स्पूलमध्ये अडकलंच नव्हतं. अशा वेळी लिव्हर ओढला की काउंटर पुढे जातो, शटर पडतं, आवाजही येतो, फक्त फिल्म जागची हललेली नसते. एकही फोटो नाही. पोर अर्धा तास परसात एकटी बसून होती.

रोल कोराच होता, तोच पुन्हा भरला. तेव्हापासून ती दर वेळी लिव्हर ओढताना डावीकडची मूठ फिरते का ते बघते. मूठ फिरली म्हणजे फिल्म सरकली. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा ते कानावरून गेलं. आता हातात बसलंय.

दाजी म्हणतात, तुझ्या हौसेपायी आईचा सोहळा गेला. तुम्हाला काय वाटतं?

शेवंती

मला दाजींचं पटतं, आणि स्पष्टच लिहिते.

मी सुट्टीत मुलांना फोटोग्राफी शिकवते. चूक केली आणि तिचा परिणाम लगेच दिसला, तर मूल शिकतं. १/६० सेकंदाच्या शटर स्पीडला धावणारं मांजर हललेलं येतं, हे डिजिटलवर दोन सेकंदांत दिसतं. मुलगी लगेच १/५०० करते, पुन्हा काढते, फरक बघते. दहा मिनिटांत विषय कळला. फिल्मवर रोल संपेपर्यंत तीन आठवडे, मग धुवायला पाठवणं, मग स्कॅन. फोटो हातात येईस्तोवर तो काढताना आपण काय लावलं होतं ते तिला आठवत तरी असेल का? डिजिटल फोटोत ते आपोआप नोंदलेलं असतं.

दुसरं पैशाचं. तुम्ही मामा आहात, रोल आणून देता. माझ्या वर्गातल्या मुलीला महिन्याला एक रोलसुद्धा परवडणार नाही. मी मध्यंतरी हौसेने एक रंगीत रोल काढला होता. रोल, धुलाई, स्कॅन मिळून सतराशेच्या आसपास गेले, म्हणजे फोटोमागे ४७ रुपये. ४७ रुपयांना एक चूक पडत असेल तर मूल चुकायलाच घाबरतं. मग ते धीटपणे काही करून बघत नाही. सगळं बेताचं, सुरक्षित काढतं.

आणि तिसरं, राग मानू नका. रोल भरल्यावर मूठ फिरते का ते त्या दिवशी तुम्ही एकदा बघायला हवं होतं. पहिल्यांदाच भरत होती ती. आजीची पंचाहत्तरी ही शिकवणीची जागा नव्हे.

कृष्णाकाठ

@शेवंती, तिसरा मुद्दा कबूल आहे. मी बघायला हवं होतं. आईला आणि भाचीला, दोघींनाही मी तसं सांगितलंय.

पहिल्या मुद्द्यावर मात्र वाद घालतो. लगेच दिसतं म्हणूनच मुलं फोटो काढून झाल्यावर विचार करतात. मी तिला डिजिटलवर पाहिलंय. दहा फोटो काढायचे, मान खाली, स्क्रीन बघायची, आणखी दहा. मान खाली असताना समोर काय चाललंय ते निसटतं. के-१००० ला बघायला स्क्रीनच नाही, त्यामुळे तिची नजर समोरच राहते. मेणवलीच्या घाटावर तिने एका बाईंचा फोटो काढायला वीस मिनिटं घेतली. ऊन पायऱ्यांवरून सरकून त्यांच्या पाठीवर येईपर्यंत ती थांबली होती. तिला थांबताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गणपती पेठ

मी सांगलीचा. १९८१ ते २००४ लग्नाचे फोटो फिल्मवर काढले, पोट त्यावरच होतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमच्याकडे याशिका मॅट १२४ जी होता. दोन लेन्सचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. काचेत नवरी डावीकडे सरकताना दिसली तर आपण उजवीकडे वळायचं, हे अंगवळणी पडायला माझे सहा महिने गेले. १२० चा रोल, त्यात फोटो बाराच. आता डोळ्यांपुढे आणा. मंगलाष्टकं चालू आहेत, अक्षता पडताहेत, मामा मुलीच्या मागे उभा आहे. मी मनात मोजतोय, आठ झाले, नऊ झाले. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की अंतरपाट खाली येणार. त्या क्षणाला कॅमेऱ्यात किमान तीन फोटो शिल्लक पाहिजेत. नसतील तर गर्दीत खाली बसून, अक्षता झटकत, रोल बदलायचा. अंतरपाट माझ्यासाठी थांबत नाही. एका लग्नात माझा हा हिशेब चुकला. हार घालतानाचा फोटो नाही. मुलीच्या वडिलांनी मला शब्दानेही दुखवलं नाही, पण त्यांनी अल्बम बघितला आणि ते पान दोनदा उलटून पाहिलं, ते मी विसरलेलो नाही.

रोल धुऊन तारेवर लटकेपर्यंत मला जेवण जात नसे. मी डिजिटल घेतला त्या दिवसापासून झोप लागायला लागली. त्यामुळे ३६ फोटोंच्या मर्यादेने कला येते, असं कुणी म्हटलं की मला बरं वाटत नाही. आमची ती मजबुरी होती. ज्याला तेव्हा दुसरा काही पर्याय असता त्याने तोच घेतला असता.

निगेटिव्ह टिकतात असंही बरेच जण म्हणतात. टिकतात, कोरड्यात. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं, निगेटिव्हच्या दोन ट्रंका त्यात होत्या. फिल्मवरचं चित्र जिलेटिनच्या थरात असतं. तो थर फुगून निगेटिव्ह एकमेकांना चिकटले. सोडवायला गेलो तर चित्रच सोलून निघालं. तेवीस वर्षांची लग्नं होती त्यात.

भाचीला कॅमेरा द्या, पण मोलाच्या प्रसंगी सोबत दुसरा डिजिटल असू द्या. माझ्याकडे दुसरा कॅमेरा असता तर ते पान रिकामं राहिलं नसतं.

कृष्णाकाठ

काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मजबुरी आणि निवड यातला फरक मान्य. पण भाचीसाठी ही निवडच आहे, तिच्यावर कुणाचं लग्न अवलंबून नाही. आणि नजरेने मोजायची ती सवय तुम्हाला डिजिटलवर गेल्यावर उपयोगी पडली नाही का?

गणपती पेठ

पडली. ते नाकारत नाही. माझ्यापाशी नंतर शिकायला आलेली पोरं अंतरपाटाच्या वेळी चाळीस फोटो काढायची आणि त्यातल्या एकातही दोघांचे डोळे उघडे नसायचे. मी तीनच काढायचो. पण ती सवय फिल्मने लावली की तेवीस वर्षांनी, ते मला सांगता येणार नाही.

तिठा

मी जुने कॅमेरे दुरुस्त करतो, हौस म्हणून. शिकवायच्या वादात पडत नाही, पण ज्या वस्तूवर वाद चाललाय तिच्याबद्दल बोलायला हवं.

हा कॅमेरा वापरात राहिला तरच नीट राहतो. वर्षानुवर्षं शटर पडलं नाही की संथ स्पीड अडकायला लागतात. १/१००० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बऱ्याचदा कमी भरतं. मागच्या झाकणाच्या खाचेतला आणि आरशावरचा फोम आपल्या हवेत डांबरासारखा चिकट होतो. तो बदलला नाही तर फोटोत कडेने प्रकाश शिरतो. लेन्सला सगळ्यात मोठा धोका बुरशीचा. कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात काचेवर जाळं धरतं, आणि फार दिवस राहिलं तर कोटिंग खाऊन टाकतं. मग पुसूनही डाग जात नाही. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि ते ओलं झालं की बदलायचं.

आणखी एक. या मॉडेलला मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण लावलं की मीटर झोपतं. भाचीला सांगा, नाहीतर सेल महिनाभरात संपेल.

मुंबईच्या बोरा बाजारात अजून हात चालणारे कारागीर आहेत, पण सुटा भाग लागला की तो दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो. दर वर्षी असे थोडे कमी होतात. ज्याला वापरायचाय त्याच्याकडे तो गेला, याचा मला आनंद आहे.

पानगळ

दोन्ही बाजूंना एक मधला रस्ता दिसत नाहीये का? लेन्स ठेवा, फिल्म सोडा.

पेंटॅक्सची लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमीवर बसते. सोनीच्या मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात, हे अंतर १८ मिमी. मधली जागा भरायला एक साधी धातूची रिंग येते, तिच्यात काचसुद्धा नसते. ती लावली की हीच लेन्स, हीच फोकसची रिंग, हेच अ‍ॅपर्चर हाताने फिरवायचं. स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस तपासता येतो. मी तीन वर्षं असंच वापरतोय. हाताने फोकस करणं आणि फिल्म वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृष्णाकाठ यांना जे आवडतं त्यातलं बरंचसं पहिलीत आहे, आणि खर्च सगळा दुसरीत.

आघाडा

पानगळ यांना अनुमोदन, एका वेगळ्या कारणाने. मी रसायनशास्त्राची. फिल्म धुताना हायपो नावाचं रसायन लागतं. वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते. घरी रोल धुणारी मंडळी ते सर्रास मोरीत ओततात. पाण्यातल्या जिवांना विरघळलेली चांदी घातक आहे. धुवा, पण हायपो साठवून ठेवा आणि जिथे चांदी काढून घेतात तिथे द्या.

गणपती पेठ

@आघाडा, आमच्या वेळी वापरलेला हायपो विकत घेणारे दारावर यायचे. चांदी काढायचे त्यातली. आता गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून तो मोरीत जातो.

शेवंती

@पानगळ, हे मला मनापासून पटलं. माझ्या वर्गात एक जुनी लेन्स आणि ती रिंग घेऊन करून बघते.

@कृष्णाकाठ, नजर समोर राहते हा तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. मीही वर्गात स्क्रीनवर चिकटपट्टी लावून एक दिवस घेते. पण मी ती संध्याकाळी काढते, आणि मुलं त्याच दिवशी फोटो बघतात. तुमच्या भाचीचा दुसरा रोल आला का? काय निघालं त्यात, ते प्रामाणिकपणे लिहा.

कृष्णाकाठ

परवाच आला. ३६ पैकी ३१ बरे एक्सपोज झालेत. त्या ३१ मधले नऊ फोकसमधून गेलेत. तुम्ही वर नोंदीबद्दल लिहिलं होतं ते मी तिला वाचून दाखवलं, तर तिने वहीच आणून दिली. प्रत्येक फोटोचा नंबर, स्पीड, अ‍ॅपर्चर, अंदाजे अंतर, आणि कुठे काढला ते. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिने सुरू केलं होतं, वाईच्या त्या दिवसानंतर.

आम्ही नऊ निगेटिव्ह खिडकीशी धरून वहीशी ताडून पाहिले. नऊपैकी सात एफ/२ वर, म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं उघडून, मीटरभर अंतरावरून. ५० मिमीच्या लेन्सला तिथे स्पष्ट भाग जेमतेम पाच सेंटीमीटरचा असतो. आईच्या फोटोत नथ लख्ख आहे आणि डोळे मऊ. भाची म्हणाली, मामा, मी नथीवरच थांबले होते, कारण ती चमकत होती.

शेवंती

एफ/२ चं हे डिजिटलवर तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं, या मतावर मी ठाम आहे.

पण ती वही मला बघायची आहे. सुट्टीतला वर्ग पुढच्या रविवारपासून साताऱ्यात आहे. भाचीला पाठवता का? कॅमेराही आणू दे, रोल मी देते. आणि तो नथीचा फोटो.