प्रत्येक ताप डेंग्यूच नसतो

अनेकदा म्हटलं जातं की गोव्यात पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या की डेंग्यूच समजायचं. बहुतेकदा बरोबरच आहे. पण बाळाचे केस जन्मापासून चंदेरी-करडे असतील, ताप हटत नसेल, प्लीहा वाढली असेल, तर डॉक्टरांना फेरिटिनचं (लोह साठवणारं प्रथिन, शरीर आतून भडकलं की रक्तात खूप वाढतं) विचाराच. असे केस ग्रिसेली सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक आजारात दिसतात; त्याच्या दुसऱ्या प्रकारात आरएबी२७ए हे जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या मारक पेशींना विषाणूग्रस्त पेशी संपवता येत नाहीत, त्या नुसत्या चवताळत राहतात, हाच एचएलएच (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम भडकण्याचा जीवघेणा आजार). बाळाचा एक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी रंगद्रव्याचे ओबडधोबड गठ्ठे दिसतात. इतकी स्वस्त तपासणी, पण सुचायला हवी ना! आणि डेंग्यू पॉझिटिव्ह आला म्हणून एचएलएच बाद होत नाही, डेंग्यूनेही तो भडकतो. डेक्सामेथासोन (स्टिरॉइड), इटोपोसाइड (केमोथेरपीचं औषध) यांनी वेळ मिळतो. मूळ दोषावर उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपणच. भावंड दाता होणार असेल तर आधी त्याचंही जनुक तपासून घ्या.