सोसायटी सायकल ग्रुप : टेम्पोने अलिबाग की घरापासून वसई?

मंदार (ए-२०३): मंडळी, २६ जानेवारीला जोडून तीन दिवस सुट्टी आहे, शनिवार ते सोमवार. समुद्राकडे जायचं हे मागच्या मीटिंगला ठरलंच आहे. माझा प्रस्ताव अलिबाग. शुक्रवारी रात्री टेम्पोत सायकली टाकू, सकाळी तिथून सुरुवात. रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, जमलं तर हरिहरेश्वर. उजव्या हाताला सतत समुद्र. हात वर करा.

रोहन (सी-५०४): 🙋‍♂️ एकदम कडक

सुषमा वहिनी (बी-१०१): मी येते. पण रात्रभर टेम्पोमागे गाडीत बसून सकाळी सायकल चालवायची? झोपेचं काय?

इम्रानभाई (ए-४०१): जंजिरा बघायचा राहिलाय माझा. मी तयार.

मृणाल (बी-३०२): मंदार, तुझा रस्ता सुंदर आहे, त्यात वादच नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, कोर्लईच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली घराघरात बोलतात, आणि जंजिऱ्याबद्दल तर काय सांगायचं. तरी माझं वेगळं म्हणणं आहे, जरा सविस्तर लिहिते, वाचाल ना?

आपण नाशिककर समुद्र म्हटलं की अडीचशे किलोमीटर गाडी हाकतो आणि मग सायकल खाली उतरवतो. आपला समुद्र याहून जवळ आहे आणि त्याला जाणारा रस्ता आपल्या गेटपासून सुरू होतो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, पालघर, केळवे. साधारण १५० ते १६० किलोमीटर. पुढे किनाऱ्याने दातिवरे, खाडी ओलांडून अर्नाळा, सोपारा आणि वसईचा किल्ला. तीन दिवसांत आरामात होतो. जाताना टेम्पो नाही, टेम्पो फक्त परतीला.

रोहन (सी-५०४): ताई पण तो काही कोस्टल रूट नाही ना. दीड दिवस तर डोंगरातच जाणार.

मृणाल (बी-३०२): म्हणूनच तर म्हणते रोहन. ब्रह्मगिरीवरून गोदावरी निघते आणि पूर्वेला जाते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच त्र्यंबकच्या डोंगरात वैतरणाही उगम पावते. ती पश्चिमेला उतरते आणि दातिवरे-अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. आपण पहिल्या दिवशी तिच्या उगमापाशी असू आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मुखावर. समुद्र गाडीतून उतरून दिसणं वेगळं, आणि नदीच्या मागे मागे पायाने पेडल मारत तिथे पोचणं वेगळं.

देशमुख काका (सी-१०२): मृणाल, मनापासून आवडलं. आणखी एक सांगतो. पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा सगळ्यांना माहीत आहे. गोदेला पूर आला की पाणी कुठवर आलं हे बघायला आम्ही लहानपणी तिकडेच धावायचो. ती घंटा वसईची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीजांच्या चर्चमधली घंटा इथे आली. देऊळ १७४७ चं, घंटेवर साल १७२१.

सुषमा वहिनी (बी-१०१): काका, इतकी वर्षं त्या देवळात जाते, हे माहीतच नव्हतं!

मृणाल (बी-३०२): काका, मी तिकडेच येत होते 🙏 आणि त्याच्याही आधीचं पांडवलेण्यात आहे. आपल्याकडून दहा मिनिटांवर. लेणं क्रमांक १०, क्षत्रप राजा नहपानाचा विहार. ओसरीच्या भिंतीवर त्याच्या जावयाचा, उषवदाताचा ब्राह्मी लेख आहे, एकोणीसशे वर्षांच्या आसपास जुना. त्यात त्याने काय काय दान केलं याची यादी आहे. भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसौर), गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले. गोवर्धन म्हणजे आपल्याच परिसरातलं, शूर्पारक म्हणजे नालासोपारा. आणि पुढे लिहिलंय की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने होड्या ठेवून पलीकडे जाणं फुकट केलं आणि दोन्ही काठांवर बसायला जागा आणि पाणपोया केल्या. दमण म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची नदी.

म्हणजे घाटावरून किनाऱ्याला जाणाऱ्या माणसाला नदी कुठे ओलांडावी लागते, पाणी कुठे लागतं, याची कुणीतरी काळजी घेतली आणि ते नाशिकच्या दगडावर कोरून ठेवलं. मला हे वाचून दरवेळी भरून येतं. आपण त्याच दिशेने सायकलने जायचं, एवढंच माझं म्हणणं.

इम्रानभाई (ए-४०१): ताई, जंजिरा पुढच्या वर्षी. माझं मत बदललं.

मंदार (ए-२०३): माझंही बदलतंय, पण खरं विचारतो. तोरंगणचा घाट, मग मोखाड्यापुढचे चढउतार. सगळ्यांना झेपेल? सुषमा वहिनींची सायकल हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली) आहे, आरव चौदा वर्षांचा आहे.

मृणाल (बी-३०२): हा प्रश्न बरोबर आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडं खाली, त्र्यंबक त्याहून शंभरेक मीटर वर. म्हणजे त्र्यंबकपर्यंत हळूहळू चढ, सकाळच्या थंडीत तो कळतही नाही. पुढे एकूण उतार असला तरी “उतरायचंच आहे” म्हणून निघालात तर मोखाडा ते जव्हार पाय भरून येतील. खाली जायचं, ओढा ओलांडायचा, परत चढायचं, असं चालू राहतं. मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) हवी, निदान ३२ दाती, ३४ असेल तर उत्तम. टायर २८ किंवा ३२ मिमीचे. काही ठिकाणी रस्ता फुटलेला मिळेल असं धरूनच चला, २३ चे अरुंद टायर घरी ठेवा.

हायब्रिडला काहीच हरकत नाही. उलट वहिनींना लो गिअर जास्त मिळतील.

इम्रानभाई (ए-४०१): घाटाबद्दल मी बोलतो. उतारावर ब्रेक दाबून धरू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला घासणारा) असेल तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करायचा, वळणात सोडायचं, परत दाबायचं. हात हँडलच्या खालच्या वाकलेल्या भागावर, ड्रॉपवर. वळणावर बारीक खडी असतेच. दोन सायकलींत चांगलं अंतर. कानात काही घालायचं नाही. आणि पहाटे त्र्यंबककडे जाताना विंडचीटर घाला, जानेवारीत बोटं आखडली की ब्रेक दाबता येत नाही.

पाटील साहेब (सेक्रेटरी): सिंहस्थाच्या कामांमुळे त्र्यंबक रस्त्यावर डंपर आहेत. मागे-पुढे लाल-पांढरे दिवे सक्तीचे. सहाच्या आधी गेट सोडू नये ही विनंती.

रोहन (सी-५०४): साहेब एक शंका, केळव्यापर्यंत एका दिवसात केलं तर? १६० होतात. आपल्या महाजन बंधूंनी २०१५ ला रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) केली, अख्खी अमेरिका आडवी सायकलने. आपण १६० ला का घाबरतोय

मृणाल (बी-३०२): रोहन, डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांच्यामुळेच नाशिकमध्ये इतक्या लोकांनी सायकली घेतल्या, त्यात मीही आले. त्यांनी जे केलं त्यामागे शिस्त होती. तुला १६० करायचे तर एखाद्या रविवारी आपण दोघं करू, मी येईन. या राइडला मात्र जव्हारला मुक्काम हवाच. राजवाडा आहे, मुकणे घराण्याचा जयविलास. शिरपामाळ आहे, १६६४ च्या जानेवारीत सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले असं तिथले लोक सांगतात. म्हणजे त्र्यंबक-जव्हार हा रस्ता तेव्हाही चालता होता, आणि आपण जाणार तोही जानेवारीतच. संध्याकाळी तिथे उभं राहायला वेळ हवा. ऐंशी किलोमीटर पहिल्या दिवसाला पुरेत.

देशमुख काका (सी-१०२): दुसऱ्या दिवशी पालघरला थांबा. १४ ऑगस्ट १९४२ ला तिथे मोर्च्यावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. चौकात त्यांचं स्मारक आहे. मुलांना दाखवा.

मृणाल (बी-३०२): नक्की काका. फक्त त्याच्या आधी मनोरला मस्तान नाका आहे, मुंबई-अहमदाबाद हायवे. तिथे सगळ्यांनी एकत्र थांबायचं, एकत्र ओलांडायचं. अख्ख्या रस्त्यात मला काळजी आहे ती त्या एका जागेची. मदतीला मागून येणारी गाडी मंदार चालवणार असेल तर ती आधी पुढे जाऊन उभी राहील.

सुषमा वहिनी (बी-१०१): केळव्याला पाण्यातला किल्ला आहे ना? आरवला आत जायचंय.

मृणाल (बी-३०२): हो, पाणकोट. ओहोटीलाच जाता येतं. वेळ पंचांगावरून काढता येते. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येतो ती भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. रविवारी रथसप्तमी आहे. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. भरती सव्वापाच, ओहोटी सव्वाअकरा. आपण केळव्याला पोचणार दीड-दोनला, तोवर पाणी परत चढायला लागलेलं असेल. सोमवारी अष्टमी, ओहोटी बारा वाजता, तेव्हा आपण पुढे गेलेलो असू. तेव्हा आरवला सांगा, पाणकोट किनाऱ्यावरून, पण सुरूच्या बनातला भुईकोट आतून. भरतीच्या पाण्याशी खेळायचं नाही, हे मी कुणासाठी बदलणार नाही.

जोशी काकू (ए-१०४): रथसप्तमीला समुद्रावर सूर्यास्त बघाल, भाग्यवान आहात 🌞 तीळगूळ मी देते सोबत.

मंदार (ए-२०३): तिसऱ्या दिवसाचं सांग ना. वैतरणेचं मुख ओलांडणार कसं? पूल तर हायवेला आहे.

मृणाल (बी-३०२): रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट. सफाळ्याकडे जलसार, पलीकडे विरारचं मारंबळपाडा. २०२५ मध्ये सुरू झाली. हायवेचा मोठा वळसा वाचतो. उषवदाताची आठवण तिथे येणारच! सुट्टीच्या दिवशीच्या फेऱ्या आणि सायकलींचं तिकीट मी फोन करून विचारते, त्यावर निघण्याची वेळ ठरेल.

केळव्याहून माथाणे, एडवण, कोरे, दातिवरे. वाटेत भवानगड, वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी उभा केलेला. छोटा आहे पण वर गेलात तर किनारा लांबवर दिसतो. पानवेलीच्या वाड्या, सुकत घातलेले बोंबील, मिठागरं. हा भाग घाईत काढायचा नाही.

पलीकडे उतरलं की अर्नाळा. किल्ला बेटावर आहे, होडीने जावं लागतं. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि वैतरणेचं तोंड हातात आलं. वसई पडली ती दोन वर्षांनी. नकाशा उघडून बघा, आधी अर्नाळा का, ते लगेच कळतं.

मग आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव. हा टप्पा मला सगळ्यात प्रिय आहे. अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे केळी आणि फुलांच्या वाड्या, विहिरी, चर्च, देवळं, घरापुढे बसलेल्या आज्या. सायकलच्या वेगालाच हे गाव दिसतं. सुकेळी (सुकवलेली केळी) मिळाली तर घ्या, खिशात राहतात आणि चढावर कामाला येतात. दुपारनंतर वारा समुद्रावरून वायव्येकडून सुटतो, आपण दक्षिणेला चाललेलो असू, म्हणजे तो पाठीशी. केळव्याहून वसईकडे जायचं, उलट नाही, ते यासाठीच.

इम्रानभाई (ए-४०१): आणि सोपारा?

मृणाल (बी-३०२): मधेच डावीकडे आत. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, आतून दगडी पेटी आणि बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यात सापडला. आता भोवती इमारतींची दाटी आहे, स्तूपाची जागा मात्र शांत आहे. अर्धा तास पुरे. वसई किल्ल्याला दोन तास ठेवू, चर्चच्या भिंती, तटावरची झाडं, चिमाजी अप्पांचा पुतळा, सगळं नीट बघायचं.

मंदार (ए-२०३): माझा अलिबागचा प्रस्ताव मागे. मागची गाडी मी चालवतो. टेम्पो सोमवारी संध्याकाळी पाचला वसई किल्ल्याच्या बाहेर.

मृणाल (बी-३०२): मंदार 🙏 मनापासून. एक विनंती, येत्या रविवारी सकाळी सातला सगळे पांडवलेण्याला चला. लेणं १० दाखवते. पायऱ्यांनी पायही मोकळे होतील.

पाटील साहेब (सेक्रेटरी): मी पण येतो लेण्याला. राइडला गुडघा परवानगी देत नाही.

देशमुख काका (सी-१०२): मीही. जमेल तेवढं चढेन.

सुषमा वहिनी (बी-१०१): केळव्याचं जेवण मी फोन करून सांगते. शाकाहारी किती ते गुरुवारपर्यंत कळवा.

रोहन (सी-५०४): मी मासे 😀 मृणालताई १६० चा रविवार लक्षात आहे ना

मृणाल (बी-३०२): आहे. फेब्रुवारीतला पहिला.

इम्रानभाई (ए-४०१): मी शाकाहारी लिहा वहिनी. आणि ज्यांच्या सायकली पावसाळ्यापासून पार्किंगमध्ये टांगलेल्या आहेत त्यांनी या आठवड्यात ब्रेक पॅड आणि केबल बघून घ्या. शनिवारी संध्याकाळी मी खाली पंप आणि ॲलन कीचा सेट घेऊन बसतो, या.