मदत हवी आहे : प्रायोजकाच्या दलालाने पुन्हा पैसे मागितले आहेत, द्यावेत का?

वेगवान_लेक :
नमस्कार. उत्तर लवकर हवे आहे, कारण शुक्रवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे. माझी मुलगी सोळा वर्षांची असून यंदा कार्टिंगमधून, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतींतून, फॉर्म्युला ४ या तरुण चालकांच्या मोटार शर्यतींमध्ये जात आहे. एका दलालाने तिच्यासाठी प्रायोजक शोधून दिला आणि १,२०,००० देण्याचे पत्रही त्या कंपनीच्या लेटरहेडवर आले. कायदेशीर पडताळणी आणि विमा यांसाठी म्हणून दलालाने ९,५०० आगाऊ घेतले. आता करापोटी आणखी ६,००० भरले की आठ दिवसांत सगळी रक्कम संघाच्या खात्यात जमा होईल, नाहीतर प्रायोजक दुसऱ्या चालकाकडे जाईल, असे तो म्हणतो. संघाचा पहिला हप्ता थकला आहे. हे ६,००० द्यावेत का, एवढेच सांगा.

पंचगंगाकाठ :
देऊ नका. आधी १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा, कारण पहिल्या काही तासांत खाते गोठवता आले तरच पैसे वाचतात. कोल्हापूरच्या ट्रॅकवर माझा पुतण्या चार वर्षे कार्ट चालवत होता, त्यामुळे मुलांच्या आईवडिलांभोवती घुटमळणारी अशी माणसे मी पाहिली आहेत. पैसे यूपीआयने दिलेत की खात्यावर? मुलीचा परवाना कोणत्या राज्यातून काढला आहे?

वेगवान_लेक :
क्षमस्व, हे लिहायचे राहूनच गेले. आम्ही इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहतो. रकमा पाउंडमध्ये आहेत. परवान्याची काही अडचण नाही. ६,००० चे काय करू?

नेनेकाका_नॉर्थम्प्टन :
पैसे मुळीच देऊ नका. प्रायोजक चालकाला पैसे देतो. चालकाकडून पैसे घेऊन मग प्रायोजकत्व देणारा प्रायोजक मी वीस वर्षांत पाहिलेला नाही. खऱ्या दलालाचे कमिशन प्रायोजकाची रक्कम जमा झाल्यावर त्यातूनच वळते होते. आता तीन गोष्टी सांगा. पहिले पैसे कधी दिलेत? तुमच्या व्यक्तिगत खात्यातून दिलेत की व्यवसायाच्या? आणि ज्या खात्यात गेले ते ब्रिटनमधलेच होते का?

वेगवान_लेक :
तीन आठवड्यांपूर्वी, माझ्या व्यक्तिगत खात्यातून, येथीलच एका लिमिटेड कंपनीच्या खात्यात. ती कंपनी दलालाचीच आहे.

नेनेकाका_नॉर्थम्प्टन :
मग अजून आशा आहे. ७ ऑक्टोबर २०२४ पासून येथे असा नियम आहे की, फसवून करवून घेतलेले देशांतर्गत खात्याचे हस्तांतरण बँकेने भरून द्यायचे असते. मर्यादा ८५,००० पाउंडांची आहे आणि दावा १३ महिन्यांच्या आत करावा लागतो. मात्र तो व्यवहार ‘दिवाणी वाद’ ठरला, म्हणजे खऱ्या व्यावसायिकाने काम नीट केले नाही एवढीच तक्रार ठरली, तर हा नियम लागू होत नाही. दलाल नेमका हाच पवित्रा घेईल, की मी सेवा दिली पण प्रायोजकानेच माघार घेतली. म्हणून ते पत्र बनावट आहे की खरे, हे सिद्ध होणे सर्वांत महत्त्वाचे. शिवाय बँकेने इशारा दिल्यानंतरही तुम्ही ६,००० पाठवलेत, तर निष्काळजीपणाचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो.

दूरचा_प्रेक्षक :
वेगवान_लेक, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मोठमोठे संघही प्रायोजकाच्या पैशात फसले आहेत. १९८९ मध्ये फॉर्म्युला १ मधील ओनिक्स संघाच्या गाड्यांवर मनीट्रॉन हे नाव होते. त्याच वर्षी पोर्तुगालमधील एस्तोरिलच्या शर्यतीत त्यांचा चालक स्टेफान योहान्सन तिसरा आला, आणि ते पैसे पुरवणारा बेल्जियन वित्तव्यावसायिक ज्याँ-पिएर व्हान रोसेम पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. अमेरिकेतील डीसी सोलर या प्रायोजक कंपनीची कथा तर याहून दारुण आहे. फिरत्या सौर जनित्रांच्या नावावर सुमारे एक अब्ज डॉलरचा घोटाळा झाला आणि जी जनित्रे विकली त्यांतली निम्मी अस्तित्वातच नव्हती. डिसेंबर २०१८ मध्ये एफबीआयचा छापा पडला, पाठोपाठ संघमालक चिप गनासी यांनी नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या तेव्हाच्या एक्सफिनिटी मालिकेतील, डीसी सोलरच्या पैशावर चालणारा आपला संघ बंद केला आणि २०१९ च्या पूर्ण हंगामासाठी निवडलेल्या रॉस चॅस्टेन या चालकाची जागा गेली. सूत्रधार जेफ कार्पॉफला ३० वर्षांची शिक्षा झाली, पण चॅस्टेनचा तो हंगाम काही परत आला नाही.

नेनेकाका_नॉर्थम्प्टन :
ही माहिती बरोबर आहे, पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करत आहात. डीसी सोलरने संघाला खरोखर पैसे दिले होते, फक्त ते इतरांना लुबाडून आणलेले होते. फॉर्म्युला १ मधील मर्सिडीज संघानेही एफटीएक्स या क्रिप्टो चलनाच्या कंपनीचे नाव नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीआधी गाडीवरून उतरवले, ते ती कंपनी कोसळली म्हणून. येथे प्रायोजकच खरा आहे की नाही, हा प्रश्न आहे.

दूरचा_प्रेक्षक :
मला तो फरक मान्य आहे. पण प्रायोजकाचा पैसा कुठून येतो हे कोणी विचारत नाही, हा दोष दोन्हीकडे सारखाच आहे आणि त्याची किंमत चालकच मोजतो, एवढेच मला म्हणायचे होते.

अनघा_रेडिंग :
माझा सल्ला असा की, प्रायोजकांना पाठवायचे सादरीकरण आधी नव्याने तयार करा. त्यात मुलीचे छायाचित्र, निकाल आणि समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या पहिल्याच पानावर असावी. आपल्या मराठी उद्योजकांकडेही शब्द टाकता येईल.

पंचगंगाकाठ :
अनघाताई, सूचना चांगली आहे, पण ती पुढच्या हंगामासाठी ठेवू. पैसे परत मिळवायचे तर एक मार्ग आहे. माझ्या मित्राने वसुली करून देणाऱ्या एका संस्थेला काम दिले होते. थोडे नोंदणीशुल्क आधी घेतात, बाकीचे पैसे आल्यावर.

नेनेकाका_नॉर्थम्प्टन :
कृपया असे सुचवू नका. आधी शुल्क घेऊन बुडालेले पैसे आणून देतो म्हणणारे बहुतेकदा दुसरे भामटे असतात आणि फसलेल्यांची नावे त्यांना पहिल्या टोळीकडूनच मिळालेली असतात. बँकेकडे दावा करायला एक पैसाही लागत नाही.

पंचगंगाकाठ :
माझ्या मित्राचे पैसे परत आले की नाही हे मी त्याला विचारलेले नाही, हे खरे. सूचना मागे घेतो.

सुलभा_जो :
मी येथे हिशेबनीस आहे. कंपनीज हाउस, म्हणजे येथील कंपन्यांची सरकारी नोंदवही, तिच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. दलालाच्या कंपनीची स्थापना कधीची आहे, संचालक कोण आहेत, हिशेब सादर झाले आहेत का, एवढे पाहा. त्यानंतर प्रायोजक कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फोन करा. मात्र पत्रावर छापलेला क्रमांक लावू नका, कंपनीच्या संकेतस्थळावरचा लावा.

वेगवान_लेक :
दोन्ही केले. दलालाची कंपनी पाच महिन्यांपूर्वीची आहे आणि एकच संचालक आहे. प्रायोजक कंपनी खरी आहे, पण त्यांच्या विपणन विभागातील बाईंनी पत्र मागवून घेतले आणि पंधरा मिनिटांत फोन करून सांगितले की, खाली सही असलेल्या नावाचा माणूस त्यांच्याकडे नाही आणि मोटार शर्यतींसाठी त्यांनी कधीच पैसे दिलेले नाहीत. पत्र ज्या ईमेलवरून आले त्याच्या पत्त्यात कंपनीच्या नावामध्ये एक आडवी रेघ जास्त होती. ती मी महिनाभर रोज पाहत होतो. मुलीने त्या कंपनीचा बिल्ला शर्यतीच्या सूटवर उजव्या छातीशी शिवून घेतला आहे आणि डॉनिंग्टनच्या सरावात तोच सूट घालून ती छायाचित्राला उभी राहिली. तिला अजून काहीही सांगितलेले नाही.

सुलभा_जो :
तिला आजच सांगा, दादा. ते छायाचित्र संघाने प्रसिद्ध केले असेल तर ते काढायला लागेल, कारण त्या कंपनीचे बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरले गेले आहे. विपणन विभागाकडून ‘हे पत्र आमचे नाही’ एवढी एक ओळ ईमेलवर मागून घ्या. दिवाणी वादाचा मुद्दा निघाला तर तीच तुमच्या कामी येईल.

वेगवान_लेक :
ईमेल आला आहे. बँकेने दावा नोंदवून घेतला असून पाच कामकाजाच्या दिवसांत कळवू, चौकशी लागली तर जास्त वेळ लागेल, असे सांगितले. संघाच्या व्यवस्थापकांना सगळे सांगितल्यावर त्यांनी हप्त्याला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. दलाल आज सकाळपासून चार वेळा फोन करून गेला आहे. त्याला काय उत्तर देऊ?

नेनेकाका_नॉर्थम्प्टन :
काहीच उत्तर देऊ नका आणि तुम्हाला कळले आहे हे दाखवूही नका. पण त्याने व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसण्याआधी सगळा संवाद तारखांसकट उतरवून बँकेला पाठवा. त्याने तुम्हाला आवाजी संदेश पाठवले होते का?

वेगवान_लेक :
हो, सात आहेत. आता लगेच उतरवतो.