गाडी कुठे थांबवलीत आणि कुठे थांबवायला नको होती?

मागच्या आठवड्यात फोन वाजला म्हणून गाडी साइडला घेतली. वळण संपल्या संपल्या. 'हॅलो' म्हणतोय तोवर मागून आलेल्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि आरशापासून वीतभर अंतरावरून निघून गेला. जाताना चालक जे बोलला ते इथे लिहीत नाही, पण चूक माझीच होती. कडेला घेतली म्हणजे झालं, एवढ्यावर इतकी वर्षं निभावलं होतं. (फोन कर्ज हवंय का विचारणारा होता!) तुमच्यावर असं काही गुदरलं असेल तर लिहा. उपदेश नकोत, घडलेलं लिहा.

---

मी ड्रायव्हिंग शिकवतो, त्यामुळे थोडा उपदेश होणारच, सांभाळून घ्या. नव्या शिकाऊला मी वळणापलीकडे उतरवतो आणि रस्त्यावर येणारी गाडी दिसल्यापासून समोर पोहोचेपर्यंत मोठ्याने आकडे मोजायला लावतो. बरेचदा 'तीन'च्या आतच गाडी समोर असते. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातं, आणि कोरड्या रस्त्यावरसुद्धा गाडी पूर्ण थांबायला ७०-८० मीटर लागतात. वेग दुप्पट तर ब्रेकचं अंतर चौपट. रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात वळणाजवळ आणि चढाच्या माथ्याजवळ गाडी उभी करायला मनाई आहे, ती उगाच नाही. धागाकर्ते, तुमच्या टेम्पोवाल्याचे ब्रेक चांगले होते एवढंच.

---

रात्रीचे साडेअकरा, हायवे, मागचं चाक बसलं. तेही रहदारीच्या बाजूचं. नवऱ्याने जॅक लावला, मी टॉर्च धरून उभी. शेजारून ट्रक गेला की अख्खी गाडी जॅकवर डुलायची आणि त्याचा शर्ट पाठीवर फडफडायचा. तिसऱ्या ट्रकला मी टॉर्च बंद केली. म्हटलं, बस गाडीत, जाऊ तशीच पुढे. "रिम जाईल," तो म्हणाला. जाऊ दे म्हटलं. चारही इंडिकेटर लावून, अगदी कडेकडेने, माणूस धावेल त्या वेगाने निघालो. टायरच्या चिंध्या खडखड आपटत होत्या. पाचेक मिनिटांनी एक पेट्रोल पंप आला, दिवे, मोकळी जागा. तिथे दहा मिनिटांत स्टेपनी लागली. टायर आणि रिम दोन्ही गेले, ते अजून ऐकून घेते.

---

वरच्या ताईंनी केलं ते बरोबर. ट्रकवर २२ वर्षं काढली, टायर बदलायला चुकीच्या जागी बसलेली माणसं पाहिलीत.
माझं गाऱ्हाणं दगडांचं आहे. गाडी बंद पडली की लोक मागे दगड मांडतात. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, दगड तिथेच. एकदा अंधारात असाच एक माझ्या पुढच्या चाकाखाली आला आणि स्टेअरिंग हातातून निसटता निसटता राहिलं. धोक्याचा इशारा देणारा चकाकता त्रिकोण ठेवा ना! तोही गाडीला चिकटून नको, चांगली ६०-७० पावलं मागे. नेताना चकाकती बाजू येणाऱ्या गाड्यांकडे करून छातीशी धरा, म्हणजे तुम्हीही दिसता. मग गाडीत बसू नका, गाडीपुढेही उभे राहू नका. मागून धक्का बसला तर गाडी पुढेच येणार. कठड्यापलीकडे जा.

---

दाट धुकं होतं. पुढच्या लाल दिव्यांच्या मागे मागे जाणं सोपं वाटत होतं, त्यांच्या भरवशावर चाललो होतो. ते दिवे मोठे होत गेले तेव्हा वाटलं, पुढचा वेग कमी करतोय. तो उभा होता. अर्धा कडेला, अर्धा रस्त्यावर. कसा थांबलो माहीत नाही. तेव्हापासून धुक्यात थांबायचंच झालं तर रस्ता पूर्ण सोडून थांबतो, चाकसुद्धा डांबरावर ठेवत नाही.

---

वेगळ्या प्रकारचा. उतारावर हँडब्रेक ओढला, न्यूट्रलमध्ये ठेवून उतरलो. गाडी गरम होती, ब्रेक थंड झाल्यावर पकड सैल पडली असावी. वीसेक मिनिटांनी पाहतो तर बोनेट पुढच्या झाडाला टेकलेलं. आता उतारावर रिव्हर्स, चढावर पहिला गिअर, आणि उतारावर पुढची चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून.

---

+१. आणि वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खाली सायलेन्सर तापलेला असतो, आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या गाडीखालून धूर यायला लागला होता.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. त्रिकोण डिकीत होता, स्टेपनीच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कधीच न उघडलेला. काल अंगणात उघडून पाहिला. पाय कसे फिरवायचे ते कळायलाच पाच मिनिटं गेली.

---

रिमचं विचारणाऱ्यांना: नाही, सरळ झाली नाही. भंगारात दिली.