सी एकच, पण प्रोसेसर दोन

कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांसाठी गेम लिहायचा तर 'सी ही प्रोग्रामिंग भाषा शिका, दोन्हीकडे सारखंच चालेल' असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. चालेल, पण सारखं नाही. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरमध्ये १६ बिटी रजिस्टर-जोड्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागा) आहेत, स्टॅकही (फंक्शन्सची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) रॅममध्ये हवा तिथे ठेवता येतो. कमोडोरच्या ६५१० प्रोसेसरला (६५०२ या प्रोसेसरचाच भाऊ) हार्डवेअर स्टॅक जेमतेम २५६ बाइटचा. म्हणून सीसी६५ हा कंपायलर (सी कोडचं प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लोकल, म्हणजे एका फंक्शनपुरत्या, व्हेरिएबल्ससाठी वेगळा सॉफ्टवेअर स्टॅक सांभाळतो आणि तिथेच वेळ खातो. लूपचा काउंटर 'इंट' (१६ बिटी) ऐवजी 'अनसाइन्ड चार' (८ बिटी) करा, लोकल्स 'स्टॅटिक' करा, म्हणजे ते स्टॅकऐवजी ठरलेल्या जागी राहतील (रिकर्शन असेल, म्हणजे स्वतःलाच बोलावणारी, फंक्शन्स सोडून), फरक लगेच जाणवेल. तरीही स्क्रोलिंग अडखळलं तर तेवढाच तुकडा असेंब्लीत (प्रोसेसरच्या थेट सूचनांच्या भाषेत) लिहा, अख्खा गेम नव्हे.